एडब्ल्यूएस बॅचचा जॉब रनेबलमध्येच अडकतोय, आणि दुरुस्त करूनही परत अडकतोय? टेराफॉर्म वापरत असाल तर हे बघा

बॅच म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) कामं रांगेत लावून चालवणारी सेवा, आणि टेराफॉर्म म्हणजे तिथला सेटअप कोडमध्ये लिहून उभा करायचं साधन. लक्षण सगळ्यांना माहितीये. जॉब सबमिट केला, आयडी मिळाला, कुठे लाल अक्षर नाही, आणि स्टेटस रनेबल. चहा घेऊन आलो तरी रनेबल, जेवून आलो तरी रनेबल, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघितलं तरी तेच. लॉग बघायला जावं तर लॉग स्ट्रीमच नाही, कारण लॉग यायला आधी कंटेनर, म्हणजे आपला प्रोग्रॅम ज्या पेटीत चालतो ती, सुरू व्हायला पाहिजे ना.

आमच्याकडे हे वर्षभरात तीनदा झालं. काम असं आहे की कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या उसाच्या शेतांचे सेंटिनेल-२ ह्या उपग्रहांचे फोटो घ्यायचे, ढगाचा भाग काढून टाकायचा आणि प्रत्येक शेताचा हिरवेपणाचा आकडा काढायचा. उपग्रहांची जोडी मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जाते, एक टाइल साधारण ११० बाय ११० किलोमीटरची, त्यामुळे शेतांचे तुकडे पाडून अॅरे जॉब (एकच काम अनेक तुकड्यांवर) लावला की मुंबई रीजनमध्ये रात्रीत काम उरकतं. पावसाळ्यात फोटोत ढगच ढग म्हणून जॉब पटापट संपतात, पण ऑक्टोबर लागला की खरा लोड येतो आणि क्यू, म्हणजे जॉबची रांग, नेमकी तेव्हाच तुंबते. पाणी कधी द्यायचं हे त्या आकड्यावर ठरवणारी माणसं आहेत, त्यांना आठवड्याने आकडा देऊन काय उपयोग, म्हणून हा विषय मला फार लागतो.

तीनही वेळा लक्षण एकच होतं आणि कारणं तीन वेगळी निघाली. आणि त्यातल्या दोहोंच्या मुळाशी एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे कन्सोलमधून, म्हणजे एडब्ल्यूएसच्या वेबपानावरून, हाताने सेटअप करताना ज्या गोष्टी आपोआप भरल्या जातात किंवा घाईत हाताने बदलल्या जातात, त्या कोडमध्ये कुणी लिहिलेल्याच नव्हत्या. चूक आमच्याच टेराफॉर्मची होती, बॅच आपलं काम बरोबर करत होतं.

आधी रनेबल म्हणजे काय ते नीट घ्या. जॉब सबमिटेड होतो, मग पेंडिंग, मग रनेबल, मग स्टार्टिंग, मग रनिंग, शेवटी सक्सीडेड नाहीतर फेल्ड. रनेबल म्हणजे जॉब कुणावर अवलंबून असेल तर ते काम झालंय, हा तयार आहे, फक्त बसायला जागा मिळत नाहीये. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, ओढायचं काम स्टार्टिंगमध्ये होतं. म्हणजे जॉब रनेबलला असेल तर डॉकर इमेज, पायथनचा कोड, कमांड, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ह्यातलं काहीही तपासू नका, तिथपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. पहिल्या वेळी आम्ही अख्खी दुपार इमेज परत परत बिल्ड करण्यात घालवली, म्हणून हे आधी सांगतोय.

मग बघायचं काय? ईसी-टूच्या, म्हणजे भाड्याच्या मशीनच्या, यादीत जाऊन बघा, तुमच्या कंप्युट एन्व्हायर्नमेंटचं (जॉबसाठी कुठली, किती मशीनं घ्यायची ह्या सेटअपचं) मशीन उभं राहिलंय का. राहिलं असेल तर ईसीएसमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सेवेत, जा, बॅच आपल्या मागे एक ईसीएस क्लस्टर बनवतं आणि त्याच्या नावात कंप्युट एन्व्हायर्नमेंटचं नाव असतं, तिथे रजिस्टर झालेले कंटेनर इन्स्टन्स किती ते बघा. मशीन आहे पण क्लस्टरमध्ये ० दिसतंय, तर नेटवर्क किंवा रोलचा, म्हणजे परवानग्यांचा, घोटाळा. मशीनच नाही, तर कोटा, मॅक्स व्हीसीपीयू (एकूण किती सीपीयू घ्यायचे त्याची मर्यादा), नाहीतर त्या टाइपचं मशीन मिळत नाहीये. मशीन आहे, क्लस्टरमध्ये रजिस्टरपण आहे, तरी जॉब बसत नाही, तर मेमरी किंवा सीपीयूची मागणी मापात नाही. दोन मिनिटांत कळतं कुठल्या गल्लीत शिरायचं ते.

आता पहिली गल्ली, जिथे टेराफॉर्मवाले सगळ्यात जास्त अडकतात. मशीन चालू, बिल चालू, कंप्युट एन्व्हायर्नमेंट व्हॅलिड, सगळं हिरवं, आणि क्लस्टरमध्ये शून्य. मशीनवर जो ईसीएस एजंट असतो त्याला ईसीएसच्या सर्व्हिसशी बोलता आलं पाहिजे, नाहीतर बॅचला कळतच नाही की मशीन आलंय. आमच्या बाबतीत कारण होतं सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनच्या ट्रॅफिकचे आत-बाहेरचे नियम. कन्सोलमधून सिक्युरिटी ग्रुप बनवला की बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक चालू असा नियम त्यात आपोआप असतो. टेराफॉर्म तो नियम काढून टाकतं, हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय पण वाचतो कोण. तुम्ही इग्रेस, म्हणजे बाहेर जायचा, ब्लॉक लिहिला नाही तर मशीन बाहेर कुणाशीच बोलू शकत नाही. आमच्या कोडमध्ये इन्ग्रेससुद्धा नव्हतं, इग्रेससुद्धा नव्हतं, कारण लिहिणाऱ्याचा विचार असा की आत कुणी यायचंच नाही तर नियम कशाला, विचार बरोबरच होता पण बाहेर जायचा दरवाजापण त्यातच बंद झाला. इग्रेसला ४४३ पोर्ट उघडला, नवीन मशीन आलं आणि थोड्याच वेळात क्लस्टरमध्ये १ दिसला, जॉब लगेच स्टार्टिंगला गेला.

ह्याच गल्लीतलं दुसरं म्हणजे पब्लिक आयपी. डिफॉल्ट व्हीपीसीच्या (अकाउंटच्या स्वतःच्या नेटवर्कच्या) सबनेटमध्ये मशीनला पब्लिक आयपी आपोआप मिळतो, म्हणून हाताने केलेला डेमो मस्त चालतो. टेराफॉर्मने स्वतःचा सबनेट बनवलात तर मॅप पब्लिक आयपी ऑन लॉन्च ही सेटिंग डिफॉल्टने फॉल्स असते. मग इंटरनेट गेटवे आहे, रूट टेबल बरोबर आहे, सगळं बरोबर दिसतंय आणि तरी एजंट मुका. तो सबनेट खरंच पब्लिक ठेवायचा असेल तर ट्रू करा. प्रायव्हेट ठेवायचा असेल, आणि माझं मत विचाराल तर तोच ठेवावा, तर बाहेर जायला नॅट गेटवे लावा नाहीतर एडब्ल्यूएसच्या सेवांपर्यंत आतूनच नेणारे व्हीपीसी एंडपॉइंट लावा.

एंडपॉइंट लावताना माणसं दोन लावतात आणि थांबतात. ईसीएसचेच तीन आहेत, ईसीएस, ईसीएस एजंट आणि ईसीएस टेलिमेट्री. इमेज जिथे ठेवतात त्या ईसीआरचे दोन, एपीआयचा आणि डीकेआरचा. लॉगसाठी क्लाउडवॉच लॉग्सचा एक. आणि फाइल साठवायच्या एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट, जो फुकट आहे आणि तरी राहून जातो. ईसीआरच्या इमेजचे लेयर प्रत्यक्षात एस-थ्रीवरून येतात त्यामुळे तो नसेल तर जॉब रनेबलमधून सुटतो आणि स्टार्टिंगला जाऊन पडतो, म्हणजे रोग बदलला असं वाटतं पण रोग तोच. इंटरफेस एंडपॉइंटला प्रायव्हेट डीएनएस चालू पाहिजे आणि एंडपॉइंटच्या स्वतःच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये तुमच्या मशीनकडून ४४३ आत यायला परवानगी पाहिजे. ही शेवटची गोष्ट फार लोकांची राहते कारण सगळ्यांचं लक्ष मशीनच्या ग्रुपकडे असतं.

तिसरं, इन्स्टन्स रोल. टेराफॉर्ममध्ये फील्डचं नाव इन्स्टन्स रोल असं आहे, आणि त्यात द्यायचा असतो इन्स्टन्स प्रोफाइलचा एआरएन, म्हणजे पूर्ण ओळख-पत्ता. रोलचा नाही. कन्सोलमध्ये ईसी-टूसाठी रोल बनवला की त्याच नावाचं प्रोफाइल आपोआप तयार होतं म्हणून अनेकांना ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच माहीत नसतं. कोडमध्ये रोल वेगळा रिसोर्स, प्रोफाइल वेगळा रिसोर्स, आणि ईसीएससाठीची जी तयार मॅनेज्ड पॉलिसी आहे ती रोलला जोडायचा अटॅचमेंट हा तिसरा रिसोर्स. अटॅचमेंट राहिला तर मशीन येतं, पण एजंटला रजिस्टर व्हायची परवानगी नसते, परत तेच शून्य.

मशीनच्या आत जाऊन बघायचं असेल तर एजंटचा लॉग व्हार-लॉग-ईसीएस ह्या फोल्डरमध्ये असतो, शेवटच्या दहा ओळी वाचल्या की टाइमआउट आहे का परवानगी नाकारली आहे ते लगेच कळतं. टाइमआउट म्हणजे नेटवर्क, नाकारली म्हणजे रोल. रोलला परवानगी असूनही सेशन मॅनेजरने आतच जाता येत नसेल तर बाहेरचा रस्ता बंद आहे असं समजायला हरकत नाही.

फार्गेट (स्वतःची मशीनं न ठेवता कंटेनर चालवायची सोय) वापरणाऱ्यांना ही गल्ली थोडी वेगळी दिसते. तिथे मशीन नाही, एजंट आपला नाही, त्यामुळे नेटवर्क चुकलं तर जॉब स्टार्टिंगपर्यंत जातो आणि इमेज ओढता आली नाही म्हणून फेल होतो. पब्लिक सबनेटमध्ये असाल तर जॉब डेफिनेशनच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये असाइन पब्लिक आयपी एनेबल्ड लिहायचं, न लिहिलं तर बंदच असतं. आणि एक्झिक्युशन रोल तिथे लागतोच.

मशीनच येत नाही, ही दुसरी गल्ली छोटी आहे. कंप्युट एन्व्हायर्नमेंटचं स्टेटस आणि स्टेटस रीझन वाचा, इनव्हॅलिड असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. व्हॅलिड असेल तर अकाउंटचा व्हीसीपीयू कोटा बघा, ऑन-डिमांडचा वेगळा आणि स्पॉटचा (उरलेली, स्वस्तात मिळणारी मशीनं) वेगळा, नवीन अकाउंटला दोन्ही लहान असतात. ऑटो स्केलिंग ग्रुप दिसत असेल तर त्याच्या अॅक्टिव्हिटीच्या यादीत मशीन का सुरू झालं नाही ते साध्या वाक्यात सापडतं. स्पॉट वापरत असाल आणि एकच मशीन टाइप लिहिला असेल तर चार-पाच टाइप लिहा, तीनही झोनमधले सबनेट द्या, निम्म्या वेळा तेवढ्यावर काम होतं. रीजन बदलून बघणार असाल, समजा मुंबईवरून हैदराबादला, तर तो रीजन २०२२ चा आहे, मुंबईत मिळणारा प्रत्येक टाइप तिथे मिळेल असं धरून चालू नका.

तिसरी गल्ली मापाची, आणि आमचा दुसरा अपघात इथला. जॉब डेफिनेशनमध्ये मेमरी ७,००० एमबी होती. एका टाइलला कमी पडली, कंटेनर १३७ कोडने मेला, १३७ म्हणजे बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून बाहेरून मारला गेला. एका सहकाऱ्याने ती ८,१९२ केली कारण मशीन ८ जीबीचं आहे, हिशोब सरळ वाटतो. कंप्युट एन्व्हायर्नमेंटमध्ये फक्त सी-फाइव्ह एक्स्ट्रा लार्ज होतं, ४ व्हीसीपीयू आणि ८ जीबी. पण त्या ८ जीबीतलं थोडं ऑपरेटिंग सिस्टिम घेते, थोडं एजंटसाठी राखलेलं असतं, आणि कंटेनरसाठी उरतं ते ८,१९२ पेक्षा कमी. जॉब त्या मशीनवर कधीच बसणार नाही, आज नाही, उद्या नाही. ईसीएस क्लस्टरमध्ये मशीनवर क्लिक केलं की रजिस्टर्ड मेमरी किती ते दिसतं, तो आकडा खरा, जाहिरातीतला नाही. आम्ही यादीत १६ जीबीची मशीनं घातली आणि मेमरी मशीनच्या आकड्याला टेकवून लिहायची नाही असं ठरवलं.

आणि ह्यातलं जास्त त्रासाचं म्हणजे, साधी क्यू असेल, फेअर शेअर पॉलिसी (जागा वाटून देणारा नियम) नसेल, तर पुढे बसलेला असा एक जॉब मागच्या सगळ्यांना अडवून धरतो. मागचे जॉब २ जीबीचे होते, आरामात बसले असते, पण रांगेत पहिला हलत नाही तोवर त्यांचा नंबर येत नाही. म्हणून क्यूमध्ये शेकडो जॉब अडकलेले दिसले तर शंभर जॉबमध्ये डोकं घालू नका, फक्त पहिल्याचा जॉब डिटेल उघडा.

आता परत परत का होतं त्याबद्दल, कारण तिसरा अपघात त्याचाच. ऑक्टोबरचा लोड आला, मॅक्स व्हीसीपीयू १६ होते, रात्री कुणीतरी कन्सोलमधून ६४ केले, क्यू धावायला लागली, सगळे झोपायला गेले. चार दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी टेराफॉर्म अप्लाय केलं, म्हणजे सेटअप कोडप्रमाणे करायला सांगितलं, प्लॅनमध्ये (काय बदलणार त्या यादीत) ६४ वरून १६ ही ओळ होती, बाकीच्या वीस ओळींत कुणाला दिसली नाही. परत रनेबल. आणि ह्यावेळी तर अजून वाईट की सगळ्यांना वाटत होतं की हे आपण दुरुस्त केलंय, त्यामुळे त्याच जागी परत बघायला कुणी गेलंच नाही. कन्सोलमधून घाईत बदल करायला माझी ना नाही, रात्री दोन वाजता काम चालू झालं पाहिजे हे मलाही मान्य आहे, पण सकाळी तोच बदल कोडमध्ये गेला पाहिजे, त्याच सकाळी. आम्ही आता रोज सकाळी एक प्लॅन आपोआप चालवतो आणि त्यात बॅचच्या रिसोर्सचा काही फरक दिसला तर मेसेज येतो.

फक्त एक फरक मात्र खोटा असतो, डिझायर्ड व्हीसीपीयू. हा आकडा बॅच स्वतः वरखाली करत असतं. तुम्ही कोडमध्ये ० लिहिला असेल आणि अप्लायच्या वेळी जॉब चालू असतील तर टेराफॉर्म तो खाली आणायला जातं आणि हाताने स्केल डाउन करता येत नाही अशी एरर मिळते. ती ओळ लिहूच नका. लिहिलीच असेल आणि काढता येत नसेल तर लाइफसायकल ब्लॉकमध्ये इग्नोर चेंजेसला फक्त तेवढंच फील्ड द्या. काही जण वैतागून अख्खा कंप्युट रिसोर्सेस ब्लॉक इग्नोर करतात, मग मॅक्स बदलला तरी लागू होत नाही आणि प्लॅन म्हणतो सगळं ठीक, ह्यापेक्षा ती एरर परवडली.

दुसरं जे सारखं होतं ते कंप्युट एन्व्हायर्नमेंट बदलताना. काही सेटिंग अशा आहेत की त्या बदलल्या तर टेराफॉर्म जुनं पाडून नवीन बांधतं, आणि जुनं पाडता येत नाही कारण जॉब क्यू त्याला धरून आहे, मग जॉब क्यूशी नातं सापडलं म्हणून डिलीट होत नाही अशी एरर येते आणि अप्लाय अर्धवट लटकतं. उपाय असा की पक्क्या नावाऐवजी नेम प्रीफिक्स द्यायचा आणि लाइफसायकलमध्ये क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय ट्रू करायचं. मग नवीन वेगळ्या नावाने उभं राहतं, क्यू त्याच्याकडे वळते, नंतर जुनं जातं. पक्कं नाव ठेवून नुसतं क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय लावलं तर दोघांची नावं एकच होतात आणि तेही आपटतं, दोन्ही एकत्रच करा.

सर्व्हिस रोल स्वतःचा देत असाल तर कंप्युट एन्व्हायर्नमेंटमध्ये डिपेंड्स ऑन लावून पॉलिसी अटॅचमेंटचं नाव लिहा. नाहीतर डिस्ट्रॉय करताना पॉलिसी आधी उडते, एन्व्हायर्नमेंट मागे राहतं, आणि त्याला आपली मशीनं बंद करायचीपण परवानगी उरत नाही म्हणून ते डिलीटिंगमध्येच अडकून पडतं. असं झालंच तर त्याच नावाचा रोल, त्याच पॉलिसीसकट परत बनवा, मग ते डिलीट होतं.

जॉब डेफिनेशनचंपण एक आहे, थोडक्यात सांगतो. त्यात काहीही बदललं की नवीन रिव्हिजन होते आणि टेराफॉर्म जुनी रिव्हिजन डिफॉल्टने डीरजिस्टर करतं. रात्रीचं शेड्यूल जर दुसऱ्या रेपोमध्ये असेल आणि तिथे रिव्हिजनच्या आकड्यासकट एआरएन चिकटवलेला असेल तर त्या रात्री जॉब सबमिटच होत नाही. हा रनेबलचा प्रकार नाही, पण सकाळी तक्रार एकच येते की आकडे आले नाहीत. रिव्हिजन न लिहिता नुसतं नाव दिलं तर चालू असलेली शेवटची रिव्हिजन घेतली जाते.

ह्या सगळ्यानंतर आम्ही क्यूच्या कोडमध्ये एक ब्लॉक घातला तो खरंतर पहिल्या दिवशीच घालायला हवा होता, जॉब स्टेट टाइम लिमिट अॅक्शन. क्यूमधला पहिला जॉब अमुक कारणाने अमुक सेकंद रनेबलला अडकला तर त्याला कॅन्सल कर, असं त्यात सांगता येतं. कमीत कमी ६०० सेकंद, जास्तीत जास्त ८६,४०० म्हणजे एक दिवस. कारणं तीन लिहिता येतात, मॅक्स व्हीसीपीयूत बसत नाही, जॉबची मागणी कुठल्याच मशीनला झेपत नाही, आणि मशीन सध्या मिळत नाहीये. पहिल्या दोनला आम्ही ६०० ठेवलंय, कारण ती चूक माणसाने कोड बदलल्याशिवाय सुटणारच नाही, थांबून काय मिळणार. तिसऱ्याला मात्र ६ तास, २१,६०० सेकंद, कारण स्पॉट मशीन रात्री एकला नाही मिळालं तरी तीनला मिळू शकतं. कॅन्सल झालेल्या जॉबचा स्टेटस रीझन इव्हेंटब्रिज ह्या घडामोडी कळवणाऱ्या सेवेतून थेट आमच्या ग्रुपवर येतो. मागच्या महिन्यात मेमरीचाच एक जॉब परत असा अडकला, अकराव्या मिनिटाला मेसेज आला, कारण त्यातच लिहिलेलं होतं, मेमरीची ओळ बदलून अप्लाय केलं आणि जॉब परत टाकला, आणि मागच्या टाइल सकाळी सहाच्या आत झाल्या होत्या.